पडद्यामागचा गुंडू

चिंतामणरावांचे वरचे दात काढायला लावण्याची चूक कोणा एकाची नव्हती. अख्ख्या मंडळाने ती एकमताने, टाळ्या वाजवून केली होती.

बालाघाटच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दहाही दिवस संध्याकाळी मुलांसाठी सावल्यांचा खेळ असे. राज्यांची फेररचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, निम्मे सगेसोयरे नव्या सीमेच्या पलीकडे राहिले, आणि शाळेतली मुलं घरी येऊनही हिंदीत भांडू लागली. वर्षातल्या दहा संध्याकाळी तरी पोरांच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून चिंतामणरावांनी हा उद्योग सुरू केला. ते बांधकाम खात्यात नकाशे काढत. दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म आणायच्या, सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायच्या, मग वरची हाडांची चित्रं साबणासारखी निघून जात आणि खाली निळसर, पारदर्शक पत्रा उरे. तो रंगवायचा, कात्रीने कापायचा, सांधे दोऱ्याने जोडायचे आणि काड्यांवर धरून पांढऱ्या धोतराच्या पडद्यामागे नाचवायचा. मागून दिवा लावला की पडद्यावर रंगीत सावली चालू लागे.

पहिल्याच वर्षी त्यांनी एक खवल्या मांजर केलं. आपल्या जंगलातलं, अंगभर खवले असलेलं, भ्यालं की स्वतःला गुंडाळून चेंडू होणारं. त्याचं नाव गुंडू. गुंडूचे खवले एकेक सुटे होते आणि एकच दोरा ओढला की सगळा गुंडू मिटून गोल होई. मुलांनी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि मांडवात असा कल्ला केला की आरतीला आलेली मंडळी धावत आली. तेव्हापासून दर वर्षी गुंडूची नवी गोष्ट, दहा दिवस पुरणारी, आणि रोज अशा ठिकाणी थांबवलेली की रात्री जेवताना पोरांनी आईला विचारावं, "तो विहिरीत पडला, तर निघेल ना?"

बारा वर्षांत खेळातलं बरंच काही बदललं. गॅसबत्ती गेली, विजेचा दिवा आला. माकड मोडलं, त्याच्या जागी रानडुक्कर आलं. कोल्ह्याचा आवाज काढणाऱ्या बाईंची बदली झाली, तर कोल्हाच काशीला गेला असं ठरलं. आवाज बदलला नाही तो एका गुंडूचा. नाकातून येणारा, जरा कुरकुरता, अगदी लांजीकडच्या शेतकऱ्यासारखा "मले काय मालूम" म्हणणारा आवाज. आणि त्यातल्या प्रत्येक 'स'च्या शेपटीला एक बारीक शीळ. ती शीळ चिंतामणरावांच्या वरच्या दोन दातांमधल्या फटीतून येत होती. हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी तसा विचारच केला नव्हता.

आणि मग चिंतामणराव साठ वर्षांचे झाले.

"शाल-श्रीफळ सगळेच देतात," मंडळाचे चिटणीस गुणाकरराव सभेत उभे राहून म्हणाले. ते वनखात्यात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते आणि त्यांचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा खोल होता. "चिंतामणरावांचे दात किती दुखतात, आपण पाहतो. भाकरी दुधात बुडवून खातात बिचारे. मंडळाने त्यांना कवळी द्यावी. गोंदियाला चांगला दातांचा डॉक्टर आहे."

टाळ्या पडल्या. चिंतामणराव गहिवरले. महिनाभराने ते नवे दात घालून मंडळात आले तेव्हा बायकांनी त्यांना मुद्दाम चणे खायला लावले. "किती स्वच्छ बोलता हो आता!" असं जो तो म्हणाला. खरंच स्वच्छ बोलत होते.

पहिली तालीम ठरली ती गणपतीच्या तीन आठवडे आधी, शनिवारी दुपारी, मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत. दिव्याचं काम मीनाक्षीकडे होतं. जबलपूरहून बी.एस्सी. होऊन ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती, आणि दुधी दिवा काढून साध्या काचेचा लावला की सावलीची कड धारदार होते, हे तिनेच मागच्या वर्षी करून दाखवलं होतं. लहानपणी ती पुढच्या रांगेत बसायची. पडद्यामागे कोण आहे हे मुलांना सांगायचं नाही, हा मंडळाचा अलिखित नियम होता. मॅट्रिकच्या वर्षी मदतीला म्हणून तिला मागे नेलं, तेव्हा पाटावर गुडघे वर करून बसलेले, डोक्याला पंचा बांधलेले चिंतामणकाका तिला दिसले. तिची निराशा झाली नव्हती. गुंडूला चष्मा आहे, याचंच नवल तिला किती तरी दिवस पुरलं होतं.

तिने दिवा लावला. गुंडूने सोंडेसारखं नाक वर केलं.

"सशा, ए सशा," चिंतामणराव म्हणाले, "सांजच्याले नदीवर कोण आलं होतं, सांग मले."

मीनाक्षीचा हात दिव्यावरच थांबला. ओळ ठसठशीत आली होती. एकेक 'स' कोऱ्या नोटेसारखा करकरीत. शीळ नाही, कुरकुर नाही. वर प्रत्येक वाक्याच्या शेवटी दात दातांवर बसल्याचा हलका टक् असा आवाज.

"पुढे बोला ना," चिंतामणराव सशाचं काम करणाऱ्या गुणाकररावांना म्हणाले. "तुमची ओळ आहे."

"हो हो," गुणाकरराव म्हणाले, आणि सशाची ओळ चुकले.

तालीम संपल्यावर चिंतामणराव सायकलला टांग मारून गेले तेव्हा ते मजेत होते. "यंदा जमलाय बरं का," असंही म्हणून गेले. खोलीत दोघंच उरली.

"मिनू," गुणाकरराव हळूच म्हणाले, "गुंडू आकाशवाणीवरून बातम्या देत होता का गं?"

"काका, दात."

"कळलं मला. पहिल्याच ओळीला कळलं." त्यांनी कपाळाला हात लावला. "मी मेलो. ठराव माझा होता."

"त्यांना ऐकू येत नाहीये. आपला आवाज आपल्याला जबड्याच्या हाडातून ऐकू येतो, बाहेरच्यासारखा येत नाही. त्यांना वाटतंय ते तसंच बोलताहेत."

"मग तू सांग त्यांना. तू विज्ञान शिकलीस."

"तुम्ही चिटणीस आहात."

"म्हणूनच तर! मी सांगितलं तर म्हणतील, दात देता आणि वर आवाज काढून घेता!"

ते खरंच होतं. मीनाक्षीला सांगणं भाग होतं, पण नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं असं तिला वाटलं. पुरावा समोर असला की माणसाला दुखत कमी असेल, अशी तिची समजूत. गुणाकररावांनी प्रचार खात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून एका संध्याकाळपुरता टेपरेकॉर्डर आणला. दोन माणसांनी उचलायचं धूड, त्यावर बशीएवढी दोन चाकं. तो चिंतामणरावांच्या ओसरीवर मांडला तेव्हा त्यांच्या पत्नी सुनीतीकाकूंनी त्याला आधी हळदीकुंकू वाहिलं.

चिंतामणराव चार ओळी बोलले. मीनाक्षीने फीत मागे फिरवली आणि बटण दाबलं.

आवाज आला. चिंतामणराव मान तिरकी करून ऐकत राहिले. मग खो खो हसले.

"हा मी? छे! हा तर आमचा मोठा भाऊ बोलतोय! अगं ऐकलंस का," ते काकूंना म्हणाले, "मी असा बोलतो?"

"अस्सेच बोलता," काकू म्हणाल्या.

"गंमत आहे बुवा. पुन्हा लाव, पुन्हा लाव."

मीनाक्षीने पुन्हा लावलं, आणि लावता लावता आपली चूक तिच्या ध्यानात आली. चिंतामणकाकांनी आपला आवाज बाहेरून कधीच ऐकला नव्हता. पूर्वीचा आवाज फितीवर नव्हता. आता जे ऐकू येत होतं ते कशाशी ताडून पाहायचं? शाळेतल्या मुलींना ती नेहमी सांगायची की एकाच मापावरून फरक कळत नाही, दोन मापं लागतात. आणि स्वतः मात्र एकच माप घेऊन म्हाताऱ्या माणसाच्या ओसरीवर येऊन बसली होती.

ती गप्प झालेली पाहून चिंतामणरावांचं हसू ओसरलं. नकाशे काढणारा माणूस. कुठे रेघ हलली ते त्यांना लगेच दिसायचं.

"मिने, हे यंत्र गमतीसाठी नाही आणलंस तू."

"नाही काका."

"मग तोंडाने सांग."

तिने सांगितलं. शीळ, फट, दात, सगळं. आवाज न चढवता, जसं झालं तसं. सुनीतीकाकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एक विचारतो," चिंतामणराव म्हणाले. "तू सहासात वर्षांची असतीस आणि पुढे बसली असतीस, आणि हा आवाज ऐकला असतास, तर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "मी म्हणाले असते, गुंडू कुठे गेला?"

चिंतामणरावांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले, आणि आत गेले. चहा झाला तरी बाहेर आले नाहीत.

पुढचे चार-सहा दिवस असेच गेले. मग एका सकाळी काकूंचा निरोप आला, लगेच ये. मीनाक्षी गेली तर चिंतामणराव नकाशांच्या जुन्या टेबलाशी बसले होते, समोर कवळी, हातात बारीक कानस.

"लोकांचे नवरे दात घासत नाहीत म्हणून बायका कुरकुरतात," काकू म्हणाल्या. "आमचे कानशीने घासून राह्यले!"

"फट पाडतोय," चिंतामणराव बिनदातांच्या तोंडाने म्हणाले. "जुन्या दातांतली फट केवढी होती, आठवतं का तुला?"

आठवण्याचा प्रश्नच नव्हता, पण मीनाक्षीतल्या शिक्षिकेला राहवलं नाही. ती शेजारी स्टूल ओढून बसली. थोडं घासायचं, कवळी घालायची, 'सांजच्याले' म्हणायचं, काढायची, पुन्हा घासायचं. आधी काहीच होईना. मग नुसतीच हवा सुटली. फट जास्त वाटली तेव्हा तिने मेणबत्तीचं मेण भरून पाहिलं. ते निम्मं भरलं असताना एकदम शीळ वाजली. पण ती गुंडूची नव्हती, नॅरोगेजच्या इंजिनाची होती. गल्लीतलं कुत्रं ओट्यावर येऊन उभं राहिलं. काकू हसून हसून भिंतीला टेकल्या, चिंतामणराव स्वतःही हसले, आणि त्या हसण्याच्या भरात त्यांनी कानस जरा जोराने फिरवली. कवळी मधोमध तडकली.

तिघंही त्या दोन तुकड्यांकडे पाहत राहिली.

"मंडळाने दिलेली होती गं," चिंतामणराव म्हणाले.

ती जोडून आणायला गोंदियाला जाणं आलं. एकट्याला कसं पाठवायचं म्हणून रविवारी मीनाक्षी बरोबर निघाली. चिंतामणराव तोंडावर रुमाल धरून खिडकीशी बसले. दात नाहीत, त्यामुळे बोलणं नाही. बाहेर धानाची शेतं पाण्याने भरली होती आणि बसमध्ये मागच्या बाजूला एका बाईच्या कडेवरचं पोर गळा काढून रडत होतं. बाईने साखर देऊन पाहिली, खिडकी दाखवून पाहिली. पोर ऐकेना.

कंडक्टर तिकिटं फाडत मागे गेला. जेमतेम विशीचा, सावळा, कानावर पेन्सिल. वरच्या दांडीला एका हाताने लोंबकळत तो पोराकडे वाकला.

"काहून रडून राह्यला रे?" तो म्हणाला. "सांग मले. साप दिसला का सपनात? थांब, मी चेंडू होऊन जातो, मग तू मले लाथ मार."

नाकातला आवाज. जरा कुरकुर. आणि 'साप'च्या मागे, 'सपना'च्या मागे, ती बारीक शीळ.

पोर थांबलं. बसमधल्या बायका हसल्या. मीनाक्षीच्या मनगटावर चिंतामणरावांची पकड बसली, दुखेल इतकी घट्ट.

"मिने. हा कोण?"

"गुंडू आहे काका."

"माझा?"

"हो."

कंडक्टर आता पोराला विचारत होता की तुझी माय कोणती, अन् तिले कितीले विकत घेतलं. चिंतामणराव वळून पाहत नव्हते. रुमाल मांडीवर पडला होता. डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर, आणि सगळा माणूस कान झालेला.

"मी असा बोलत होतो?" त्यांनी विचारलं.

"असंच."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग पाणावलेल्या डोळ्यांनी, जरा लाजून म्हणाले, "छान बोलत होतो गं."

राजेगावला बस चहासाठी थांबली. मीनाक्षीने कंडक्टरला गाठलं. त्याचं नाव प्रेमलाल.

"गुंडूची नक्कल कुठे शिकलात?"

"नक्कल नाही जी, गुंडूच आहे तो." प्रेमलाल चहाचा ग्लास घेऊन टपरीच्या बाकावर टेकला. "लहानपनी गणपतीले मामाच्या घरी बालाघाटले येत होतो ना. दहा दिवस गुंडू पाहाचा अन् मंग वर्षभर म्हशींले गुंडू आयकवाचा. घरचे म्हणत, पागल झाला पोट्टा."

"पडद्यामागे कोण बोलायचं, माहीत आहे?"

"असन कोणी मास्तर. आपण नाही गेलो पाहाले." त्याने खांदे उडवले. "काहून पाहाचं? गुंडू होता तर होता."

चिंतामणराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी रुमाल खिशात घातला आणि प्रेमलालकडे न बघता बोलले. "प्रेमलाल. एक घोट चहा... दे ना रे मले."

वरचे दात नाहीत, त्यामुळे शब्द भिजल्या पोह्यांसारखे आले. शिळेचं नाव नको. आवाज म्हणून गुंडूचं त्यात काही उरलं नव्हतं. पण 'चहा'नंतर एक थांबणं होतं, आणि त्या थांबण्यानंतरचं 'दे ना रे' थोडं खाली उतरून, मान तिरकी करून आलं होतं. गुंडू काही मागायचा तेव्हा असाच थांबायचा. त्या वेळी मांडवातली सगळी पोरं श्वास धरून असायची.

प्रेमलालचा ग्लास ओठाशी जाता जाता थांबला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. पांढरे केस, चष्मा, आत गेलेला वरचा ओठ.

"गुंडू?" तो म्हणाला, आणि कानावर पेन्सिल अडकवलेल्या त्या बाप्याचा चेहरा क्षणभर शाळकरी पोराचा झाला.

"हौ," चिंतामणराव म्हणाले.

ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला तरी कंडक्टर उठेना. त्याने आपला ग्लास पुढे केला होता आणि चिंतामणराव त्यातून खरोखरच घोट घेत होते.

बाकीचं मग चिंतामणरावांनीच ठरवलं: यंदा गुंडूचा आवाज प्रेमलालचा. त्याची शेवटची बस संध्याकाळी बालाघाटला लागते, तिथून मंडळ जवळ. मुलांचा खेळ त्यानंतर सुरू होतो. प्रेमलालने एका अटीवर कबूल केलं: त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला पुढच्या रांगेत बसू द्यायचं.

गुणाकररावांनी आक्षेप घेतला. "तो निम्मं हिंदी बोलतो हो! 'पानी में गिर गया' म्हणाला काल तालमीत. मंडळ कशासाठी आहे आपलं?"

"गुंडू जंगलात राहतो," चिंतामणराव म्हणाले. जोडलेल्या कवळीतून प्रत्येक शब्द टकटकीत येत होता. "त्याला मंडळाची घटना कोणी वाचून दाखवलेली नाही. आणि समोरची पोरं कशी बोलतात? तुमची नात परवा मला म्हणाली, 'आजोबा, मेरे को लाडू द्या.'"

गुणाकररावांनी वहीत प्रेमलालचं नाव लिहून घेतलं. दात देऊन झालेल्या माणसाने फार वाद घालू नये, हे त्यांना कळत होतं.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. प्रेमलाल पाटावर बसला की त्याच्या तोंडून गुंडू निघेना. आवाज नुसता नाकात घुटमळे. उभा केला तर थोडा बरा, पण काड्या धरून उरलेला हात कुठे ठेवावा त्याला समजेना. मीनाक्षीने दोन दिवस निरीक्षण केलं आणि तिसऱ्या दिवशी तुळईवरून दोराचा एक फास सोडला. प्रेमलालने एका हाताने तो धरला, दुसऱ्या हातात गुंडूच्या काड्या घेतल्या, बसच्या दांडीसारखं अंग त्याच्यावर सोडून दिलं, आणि गुंडू बोलायला लागला. पाट भिंतीला उभा करून ठेवला गेला. चिंतामणरावांनी तो स्वतः उचलून ठेवला.

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. शिळेबद्दल अवाक्षर नाही. कुठे थांबायचं, कुठे श्वास आत घ्यायचा, गुंडू मिटताना दोरा ओढण्याआधी एक 'अं' म्हणायचं, म्हणजे मीनाक्षीला दिवा मागे घ्यायची खूण कळते, असलं सगळं. प्रेमलाल पटापट उचलत होता. तरी दर ओळीला कुठेतरी अडखळायचा. ते का, हे मीनाक्षीला शेवटच्या तालमीपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी दिव्याचा उजेड चिंतामणरावांच्या तोंडावर पडला होता. ते प्रेमलालच्या समोर, खोक्यावर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळ ते प्रेमलालच्या अर्धा श्वास आधी म्हणत होते, आवाज न काढता. प्रेमलाल त्यांच्या ओठांकडे बघत होता आणि तिथेच अडकत होता. ओळ एकच, पण ती दोन माणसं म्हणत होती.

तालीम संपली. प्रेमलाल बिडी प्यायला बाहेर गेला. मीनाक्षीला वाटलं, एकदा सांगून झालं होतं, पुन्हा तेच काम आपल्याच वाट्याला का यावं? पण गणपती उद्यावर आला होता.

"काका, उद्या तुम्ही मागे बसू नका."

चिंतामणरावांनी चष्मा काढला. "चुकून राह्यलो का मी काही?"

"तुम्ही त्याच्या ओळी म्हणता. ओठांनी."

"मी? नाही गं." त्यांनी स्वतःच्या ओठांना हात लावून पाहिला, जणू ते अजून हलत असतील. "म्हणतो का?"

"सगळ्या."

काड्यांवर टांगलेला गुंडू त्यांनी खाली घेतला, त्याचा एक खवला सैल झाला होता त्याचा दोरा दातांनी ओढून घट्ट केला. नव्या दातांना ते बरं जमलं.

"पुढे बसून मी काय करू?" ते म्हणाले. "मला पुढे बसायची सवय नाही."

"मलाही मागे यायची नव्हती," मीनाक्षी म्हणाली. "तुम्हीच हात धरून आणलंत."

पहिल्या दिवशी मांडव आरतीआधीच भरला. सुनीतीकाकूंनी नवऱ्याला धुतलेला सदरा घालायला लावून पुढच्या रांगेत, पोरांच्या मधोमध, सतरंजीवर आणून बसवलं. पडद्याच्या फटीतून मीनाक्षीला दिसलं: मांडी घालायला जागा नव्हती म्हणून ते उकिडवे बसले होते, एका बाजूला गुणाकररावांची नात, दुसऱ्या बाजूला बसचा ड्रायव्हर.

तिने दिवा लावला आणि मग पुढचं तिला काही दिसलं नाही, फक्त ऐकू येऊ लागलं. गुंडूने नाक वर केलं. पोरांनी आरोळी ठोकली. प्रेमलालने दोर धरला.

"सशा, ए सशा! सांजच्याले नदीवर कोण आलं होतं, सांग मले."

शीळ वाजली. आवाज गुंडूचाच होता. पण बारा वर्षं ऐकलेला गुंडू तो नव्हता. जरा तरणा, जरा उंचावरून बोलणारा. समोरचा गलका एकदम थांबला, आणि त्या शांततेत कोणी तरी मोठ्याने म्हणालं, "ये गुंडू नहीं है."

"है ना!"

"नहीं है! आवाज अलग है!"

कुजबुज मांडवभर पसरली. प्रेमलालच्या मुठीत दोर पिळला गेला. पुढची ओळ त्याला येत होती, पण ती बाहेर पडेना. सशाची काडी धरलेले गुणाकरराव घामाघूम झाले. मीनाक्षीने दिवा हलू दिला नाही. पडद्यावर गुंडू नाक वर करून तसाच उभा होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. मोठ्या माणसाचा, स्वच्छ, वाक्याच्या शेवटी टक् वाजणारा.

"अरे गप बसा ना रे पोट्टेहो! गुंडू बोलून राह्यला, आयकू द्या मले!"

पोरं हसली. म्हातारा माणूस खेळासाठी इतका चिडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. हसणं विरलं तशी कुजबुजही विरली.

प्रेमलालने श्वास घेतला. थांबला. जिथे थांबायला हवं होतं तिथेच, आणि जितकं हवं होतं तितकंच.

"सशा... सांग ना रे मले," गुंडू म्हणाला.

"नको सांगू!" पुढून एक पोरगी ओरडली. "तो रानडुकराला सांगेल!"

"सांग सांग!" दुसरीकडून आलं.

मग मांडवात एवढा गोंधळ माजला की गुणाकररावांना सशाची ओळ तीनदा म्हणावी लागली. मीनाक्षी दिवा मागेपुढे करत होती आणि त्या गोंधळातून एक आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करत होती. शेवटी सापडला. चिंतामणराव शेजारच्या पोरीला अगदी कळकळीने समजावत होते की सशाने सांगायलाच पाहिजे, नाही तर गुंडूला कसं कळणार.